नाकाचा आठवडा

तांबगोंडीचं सांडपाणी इतकं सोज्वळ असेल असं कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण पडद्यावर तसंच आलं होतं. खळ नाही. सुताचे धागे नाहीत. हॉटेलांचं तळणीचं तेल नावाला. दारूचा अंश नगण्य. तांबगोंडी माझं माहेर आहे. त्या गावात गल्लोगल्ली यंत्रमाग खडखडतात, मागांच्या सुताला खळ चढवून देणारे सायझिंगचे कारखाने डझनावारी आहेत, आणि दारूबद्दल तर मी बोलतच नाही. निवृत्त मुख्याध्यापकांच्या सोसायटीतूनसुद्धा इतकं निर्मळ पाणी वाहत नसेल.

"सुंदर डिझाइन आलंय की, मगदूम मॅडम," माझे साहेब देशिंगकर खुर्चीमागे येऊन म्हणाले. "दोन सडपातळ पंप, एक बारकी विहीर, बस. सिमेंट निम्मं, वीज निम्मी. महामंडळ खूश होईल. सही करून टाका."

"साहेब, हे खोटं आहे."

"नाक खोटं बोलत नाही."

"नाक नाही हो. गाव खोटं बोललंय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आमच्या कंपनीत कुणी खरं बोलायला लागलं की साहेब घड्याळाकडे पाहतात.

आमचं काम म्हणजे सांडपाण्याची पंपघरं. गावाचा सखल भाग असतो, तिथे सगळी गटारं येऊन मिळतात, आणि तिथून ते पाणी वर उचलून शुद्धीकरण केंद्राकडे ढकलावं लागतं. पूर्वी आम्ही हे अंदाजाने करायचो. लोकसंख्या धरायची, माणशी पाणी धरायचं, आणि आलेलं उत्तर भीतीपोटी दुप्पट करायचं. शिंपी शिवणीत माया सोडतो, तसं. पण सांडपाण्याला ही माया बाधते. विहीर गरजेपेक्षा मोठी झाली की पाणी तिच्यात पडून राहतं, सडतं, त्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो आणि तो विहिरीचं काँक्रीटच खाऊन टाकतो. पंप मोठा असला तर सारखा चालू-बंद होऊन जळतो. मी स्वतः अशी चार पंपघरं बांधली आहेत आणि चारही वेळा शिव्या खाल्ल्या आहेत.

म्हणून 'नासिका प्रणाली' आली तेव्हा मी पेढे वाटले होते. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारी प्रथिनं असतात, तशी हजारो प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवून नखाएवढ्या चकतीवर बसवलेली. पाण्यातला एखादा रेणू त्याच्या प्रथिनाला चिकटला की तेवढ्याच जागी विजेचा प्रवाह किंचित बदलतो. अशी एकेक चकती गावातल्या प्रत्येक मॅनहोलमध्ये आठवडाभर लटकवायची. कुठून, कधी, काय आलं, सगळं कळतं. मग यंत्र मनातल्या मनात लाखो विहिरी बांधतं, प्रत्येकीत त्या गावाचं पाणी सोडून बघतं, आणि एक निवडतं. पात्याचा बाक, तळाचा उतार, सगळं त्या एका गावाच्या मापाचं. अख्खं पंपघर कारखान्यात एकसंध छापून निघतं आणि क्रेनने खड्ड्यात उतरतं. अंगाबरोबर शिवलेल्या कपड्यासारखं. ढिलाई नाही, पण उसवून वाढवायची सोयही नाही.

लोकांनी 'नासिका' हे भारदस्त नाव दोन दिवसांत मोडीत काढलं आणि नुसतं 'नाक' केलं. त्या नाकाला आणखी एक गुण होता. खळीचं पाणी कुठल्या कारखान्याचं, हे ते सांगू शकायचं, आणि मधुमेहाची गोळी कुठल्या गल्लीत घेतली जाते, हेही. एका गावात ही माहिती फुटली आणि विमा कंपन्यांनी गल्लीवार हप्ते वाढवले. मोर्चे निघाले. मग कायदा झाला, की नाक लावण्याआधी गावात पंधरा दिवस जाहीर दवंडी द्यायची.

म्हणजे चोराला आधी कळवून मग पाळत ठेवायची.

मी ऑफिसमधूनच भावाला फोन लावला. सुकुमार माझ्यापेक्षा धाकटा. वडिलांच्या मागे 'मगदूम सायझिंग' तोच सांभाळतो.

"सुकुमार, नाक लावलं होतं त्या आठवड्यात खळीचं पाणी कुठं सोडलंस?"

"आक्का, जेवायला ये की घरी. फोनवर कशाला?"

एवढ्यावरूनच मला कळायचं ते कळलं.

रविवारी दुपारी मी तांबगोंडीला गेले. भावजय त्रिशला हिने कढी, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. सुकुमार बोलायला लागला तो थांबेना.

"पाळला की आठवडा. पर्युषण पाळावं तसा पाळला. असोसिएशनमध्ये ठरलं, नाक जाईपर्यंत एक थेंब गटारात सोडायचा न्हाई. खळीचं पाणी टँकरमध्ये भरून ठेवलं. हॉटेलवाल्यांनी भजी बंद ठेवली. पिणारी माणसं पाव्हण्यांकडं गेली. गावात लई शांतता होती बघ."

"आणि नाक गेल्यावर?"

"सगळ्यांनी एकदम सोडलं. ठेवणार कुठं?"

मी कपाळाला हात लावला. भाकरीचा हात होता तोच लावला.

"खळीच्या पाण्यासाठी वेगळं शुद्धीकरण केंद्र बांधून दिलंय ना सरकारने?"

"हाय की. आठवड्यातनं चार दिवस बंद असतंय. तू मला शिकवू नको, आक्का. तुझं नाक गटारात, आमचं जगणं गटारात. खळ तिथं गावली तर कारखान्याला सील. आम्ही काय येडं हाय व्हय?"

मग मी त्याला समजावून सांगितलं. खळीचं पाणी गटारात पडतं तेव्हा गरम असतं. पुढे जाऊन थंड होतं आणि पिठल्यासारखं घट्ट धरतं. त्यात मागाखालचे धागे येऊन मिसळतात आणि मनगटाएवढे दोर वळले जातात. ते दोर पंपाच्या पात्याला विळखा घालतात. असल्या पाण्याला धागे कापणारी जाड पाती लागतात, पुढे जाळी लागते, विहिरीचा तळ उतरता लागतो. यंत्राने काढलेली नाजूक पाती महिनाभरसुद्धा टिकणार नाहीत. पंप थांबला की पाणी उलटं फिरणार, आणि सगळ्यात सखल गल्लीतल्या मोऱ्यांमधून वर येणार.

"मग टाक की जाड पाती. इंजिनिअर तू हैस."

"टाकता येत नाहीत! पुराव्याशिवाय यंत्र एक इंचसुद्धा वाढवू देत नाही. आणि पुरावा तुम्ही टँकरमध्ये भरून ठेवलात."

"आणि सही केली न्हाईस तर?"

"महिनाअखेरीला पैसे दुसऱ्या गावाला जातात. तांबगोंडीला पंपघरच नाही."

सुकुमार उठला आणि हात धुवायला गेला. तो बराच वेळ हात धूत राहिला.

परतताना मी सखल गल्लीत रेहानाकडे डोकावले. रेहाना मुजावर माझी शाळेतली मैत्रीण. जुनं पंपघर मरून किती वर्षं झाली हे तिलाही आठवत नाही. रोज सकाळी सगळं गाव उठून नळ सोडतं आणि रेहानाच्या मोरीतून गावाची घाण वर येते. मोरीच्या तोंडावर वाळूचं पोतं, त्यावर पाटा, असा तिचा बंदोबस्त असतो. या वेळी घरात सून बाळंत झालेली होती. बाळ पलंगावर होतं, पलंगाच्या पायांखाली विटा होत्या.

"पद्मे, हे बघ," रेहानाने नवी फरशी दाखवली. "तुझा पंप येणार म्हणून पोरानं बसवली. म्हटलं आता पाणी येत न्हाई. येत न्हाई न्हवं?"

मला खोटं बोलता येईना आणि खरंही बोलवेना. शेवटी खरंच सांगितलं. सगळ्या गावाने आठवडा पाळला आणि त्यात तुझा पंप बुडाला, असं. रेहाना चिडेल, सुकुमारच्या नावाने बोटं मोडेल, असं मला वाटलं. ती चुळबुळत बसली.

"मीबी पाळला गं," ती म्हणाली. "सुनेला पोटुशी असताना साखर धरली. विम्यावाल्यास्नी कळलं तर बाळालाबी धरत न्हाईत म्हणं. आठवडाभर तिला माहेरी ठेवलं. मग तुझ्या भावाला मी कुठल्या तोंडानं बोलू?"

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. या गावात एकसुद्धा माणूस असा नव्हता, की ज्याच्यावर मनसोक्त ओरडता यावं.

सोमवारी मी महामंडळाच्या देवस्थळी मॅडमना गाठलं. नासिकेची सगळी प्रकरणं त्यांच्याकडे असतात. बाई हुशार आणि सभ्य, हेच मोठं दुखणं. उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

"मॅडम, फेरतपासणी करा. दवंडी न देता."

"कायद्यात बसत नाही. आणि तो कायदा चांगला आहे, तुम्हालाही माहिती आहे."

"मग दवंडी देऊन करा."

"करते. पण मग ते पुन्हा आठवडा पाळतील, नाही का?"

"शेजारच्या गावाची आकडेवारी धरा. तिथेही सायझिंग आहे."

"ही विशेष रचना आहे, मगदूम मॅडम. एका गावाचं माप दुसऱ्याला लावायचं नाही, याचसाठी तर आपण सगळं बदललं."

"मी पंचवीस वर्षं गटारं बघतेय! माझ्या शब्दाला काही किंमत?"

"यंत्राच्या रकान्यात अनुभव हा पुरावा धरलेला नाही," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "एकच मार्ग आहे. पाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या मालकाने स्वतः जबाब दिला, तर यंत्र त्याचं पाणी धरतं."

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मालक मीही होते. वडिलांनी जाताना कारखाना निम्मा माझ्या नावावर केला होता. मी त्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. दिवाळीला साडी यायची, तेवढाच माझा नफा. सकाळी सुकुमारला फोन केला.

"तू जबाब दे."

"वेड लागलंय व्हय तुला? सील लागंल!"

"मग मी देते. माझंही नाव आहे."

"दे की," तो म्हणाला. "सख्ख्या भावाचा गळा कापायचाय, तर दे." आणि त्याने फोन ठेवला. मी देणार नाही याची त्याला खात्री होती. बहीण म्हणून तो मला चांगलं ओळखत होता. पण रेहानाच्या पलंगाखालच्या विटा त्याने पाहिल्या नव्हत्या.

मी जबाब दिला. कॅमेऱ्यासमोर बसून, मगदूम सायझिंगमधून रोज किती खळीचं पाणी गटारात जातं, किती गरम, कुठल्या वेळी, सगळं बोलले. यंत्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवं डिझाइन दिलं. पाती जाड झाली होती. छोटी जाळी आली होती. सगळ्या गावाच्या खळीला पुरेल इतकं नव्हतं ते, पण सुरुवात होती. मी डबा उघडला आणि बऱ्याच दिवसांनी चवीने जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याला सील लागलं.

आणि दुपारी डिझाइन पुन्हा बदललं. सडपातळ पंप, बारकी विहीर. खाली एक ओळ होती: 'मगदूम सायझिंग हा स्रोत बंद झाल्याने वगळण्यात आला आहे.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग टेबलावरचा कप उचलून भिंतीवर मारला. कप स्टीलचा होता, फुटलासुद्धा नाही. देशिंगकर साहेब बाहेर आले, घड्याळाकडे पाहिलं आणि परत आत गेले.

यंत्राचं काय चुकलं होतं? काहीच नाही. कबूल केलेलं पाणी बंद झालं होतं. बंद पाण्यासाठी पाती कशाला? जो खरं बोलेल त्याचं पाणी बंद, आणि ज्याचं पाणी बंद त्याचं खरं रद्द. खोटं बोलणाऱ्यांची खळ मात्र रोज वाहती.

संध्याकाळी मी तांबगोंडीला गेले. कशी गेले ते माझं मला ठाऊक. त्रिशलाने दार उघडलं, चहा आणून ठेवला आणि आत गेली. सुकुमार झोपाळ्यावर बसला होता. कारखान्याला कुलूप लागलेला माणूस कामाच्या वेळी घरात कसा दिसतो, ते मी पहिल्यांदाच बघत होते. त्याला काय करायचं ते सुचत नव्हतं. तो टीव्हीचा रिमोट नुसता हातात धरून बसला होता.

"शिव्या दे," मी म्हणाले.

"देऊन काय करू?"

"आणखी एक सांगायचंय. डिझाइन परत पहिल्यासारखंच झालं." आणि मी त्याला का ते सांगितलं.

तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं.

"म्हंजे माझा कारखाना बी गेला, आणि रेहानाच्या घरात घाण येणार ती येणारच?"

"हो."

"आणि बाकीचे सगळे सायझिंगवाले आज निवांत झोप काढत्यात?"

"हो."

सुकुमारने रिमोट ठेवला, उठला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालास?"

"असोसिएशनला. एकटा कशाला बुडू मी?"

मी त्याच्यामागे धावले. असोसिएशनच्या हॉलमध्ये तो टेबलावर चढला नाही, भाषण केलं नाही. पंखा बंद करायला लावला, कारण पंख्याच्या आवाजात त्याचं ऐकू जात नव्हतं, आणि बोलला.

"नाकाच्या आठवड्यात कुणाचा टँकर कुठं उभा होता, मला पाठ हाय. उद्यापासनं रोज एकाचं नाव सांगतो. रोज एकाला सील लागंल. न्हाईतर सगळे मिळून चला आणि एकदम जबाब द्या. एकट्याला सील लावायला शिपाई पुरतोय. सगळ्यांना लावायचं म्हटलं तर गावातला एक माग चालत न्हाई, आणि इलेक्शन तोंडावर हाय. कुणाची हिंमत हाय?"

त्याला रेहानाचं काही पडलं नव्हतं, निदान त्या क्षणी तरी. तो निव्वळ चिडलेला होता. माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाने, देवस्थळी मॅडमच्या सभ्यपणाने आणि लाखो विहिरी बांधणाऱ्या यंत्राने जे झालं नाही, ते एका चिडलेल्या माणसाने पंखा बंद करून केलं.

दोन दिवसांनी सगळे सायझिंगवाले रांगेत उभे राहून जबाब देऊन आले. हॉटेलवाल्यांनाही लाज वाटली असावी, तेही आले. सुकुमार म्हणाला तसंच झालं. सील कुणालाच लागलं नाही. सगळ्यांना 'सुधारणेसाठी मुदत' मिळाली, म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना समजतं. मगदूम सायझिंगचं सील मात्र मुदतीच्या आदेशाआधीचं होतं, आणि आधी लागलेलं सील काढायची तरतूद त्या आदेशात नव्हती. मी अर्ज केले. देवस्थळी मॅडमनी प्रत्येक अर्जाला सभ्य उत्तर पाठवलं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी डिझाइन आलं. मी ते उघडलं. धागे कापणारी जाड पाती, दुहेरी जाळी, तीन पंप, विहिरीचा तळ असा उतरता की खळ कुठे थबकणार नाही. माझ्या हाताने मी इतकं चांगलं कधीच काढलं नसतं. खाली स्रोतांची नावं होती. गावातला चालू असलेला प्रत्येक कारखाना होता. प्रत्येकाचं पाणी मोजून, त्याला बरोबर तेवढी जागा दिलेली होती.

मी सुकुमारला फोन लावला. तो आजकाल माझा फोन घेत नाही, त्या दिवशी कसा कोण जाणे, घेतला.

"डिझाइन आलं रे. चांगलं आलंय. सखल गल्ली कोरडी राहील."

"बरं झालं." थोडं थांबून तो म्हणाला, "आपलं नाव हाय त्यात?"

"नाही. बंद स्रोत यंत्र धरत नाही."

"म्हंजे उद्या सील निघालं, तर माझं पाणी त्यात मावतंय का न्हाई?"

हे मला सकाळीच कळलं होतं. विहीर बरोबर भरलेली होती. एका जादा कारखान्याचं पाणी आलं की सगळ्यात आधी ते रेहानाच्या मोरीतून वर येणार होतं. सगळ्या तांबगोंडीत कायद्याने वागावं लागणारा माणूस एकच उरला होता.

"नाही मावत," मी म्हणाले.

त्याने फोन ठेवला नाही. पलीकडून त्रिशला त्याला जेवायला हाक मारत होती. मी फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने सही केली.